दवाखान्याचे घड्याळ कोणासाठी?

सरकारी दवाखाना नेमका कोणासाठी चालतो, हे समजून घेण्यासाठी जाडजूड धोरणपत्रे चाळण्याची आवश्यकता नाही. दवाखान्याच्या दाराशी रंगवलेली वेळेची पाटी वाचावी, म्हणजे पुरे. मुंबई महानगरपालिकेचे बहुतेक दवाखाने वर्षानुवर्षे सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेत चालत आले. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीने बाह्यरुग्ण विभागाचे दिवसाला सहा तास ठरवून दिले. सकाळी चार आणि दुपारनंतर दोन, तेही आठवड्यातील सहा दिवस. हिशेब करावा. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यांपैकी डॉक्टर तपासणीच्या खोलीत बसणार छत्तीस तास. आणि हे छत्तीस तास नेमके तेच, ज्या वेळी या देशातील श्रमिक माणूस कामावर असतो.

आता त्याच रस्त्यावरील खाजगी डॉक्टरांची पाटी पाहावी. सकाळी दहा ते एक, सायंकाळी सहा ते दहा. मुंबईच्या चाळींपासून सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्त्यांपर्यंत ही पाटी थोड्याफार फरकाने सारखीच आढळते. या डॉक्टरांना कोणी शासननिर्णय धाडला नव्हता, कोणत्याही समितीने त्यांना अहवाल दिला नव्हता. आपला रुग्ण संध्याकाळी सातला कामावरून परततो आणि मग दवाखान्याची पायरी चढतो, एवढे त्यांना ठाऊक होते. जे ज्ञान गल्लीतील एकट्या डॉक्टरला आहे, ते सचिवालयांत आणि महापालिकांच्या मुख्यालयांत बसलेल्या यंत्रणेला इतक्या वर्षांत का होऊ नये? उत्तर कटू आहे. खाजगी पाटी रुग्णाच्या दिनक्रमावरून लिहिली जाते, सरकारी पाटी हजेरीपटावरून. आमचे म्हणणे एवढेच की, ज्यांच्यासाठी हा दवाखाना उभारला, ते मोकळे असतील तेव्हा तो उघडा असला पाहिजे. तसा तो नसेल तर त्यांच्यापुरता तो अस्तित्वातच नाही.

मोफत उपचाराची किंमत

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. निर्णय स्वागतार्ह होता. केसपेपरचे दहा-वीस रुपयेही गरिबाला जड होतात, हे शासनाने मान्य केले. परंतु ज्या मजुराला त्या केसपेपरसाठी दिवस मोडावा लागतो, त्याच्या दृष्टीने उपचार मोफत कुठे झाले? रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील मजुरीचा दर २०२४-२५ साली दिवसाला २९७ रुपये होता. हा सर्वांत खालचा दर धरला, तरी एका तपासणीची खरी किंमत २९७ रुपये अधिक येण्याजाण्याचे भाडे इतकी होते. रक्त तपासायला आज, अहवाल घ्यायला उद्या आणि तो डॉक्टरांना दाखवायला परवा, असे तीन खेटे पडले तर जवळजवळ नऊशे रुपये. शासनाने दहा रुपये माफ केले आणि घड्याळाने नऊशे वसूल केले, असा हा व्यवहार आहे.

चार घरची धुणीभांडी करणारी एखादी भगिनी डोळ्यांसमोर आणा. सकाळी सहाला ती घराबाहेर पडते, दुपारी तीनला परतते, पाणी भरते, पुन्हा संध्याकाळच्या कामांना जाते. दवाखाना उघडा असतो तेव्हा ती कोणाच्या तरी ओट्यावर भांडी घासत असते. ती मोकळी होते तेव्हा दवाखान्याला कुलूप असते. बांधकामावरील गवंडी, रिक्षाचालक, दुकानातील नोकर, यंत्रमागावरचा विणकर, सुरक्षारक्षक, घरोघरी पार्सल पोहोचवणारे तरुण या सर्वांची हीच कथा. यांना आजारी पडण्याची रजा नसते. एक दिवस गैरहजर राहिले की मजुरी जाते, दोन दिवस राहिले की काम जाते.

मग ही माणसे काय करतात? काही जण औषधांच्या दुकानात जाऊन ‘ताप आहे, काहीतरी द्या’ असे सांगतात आणि दोन गोळ्या घेऊन कामावर जातात. काही जण पदवीचा पत्ता नसलेल्या, पण रात्री दहापर्यंत दार उघडे ठेवणाऱ्या भोंदू डॉक्टरकडून सुई टोचून घेतात. उरलेले काहीच करत नाहीत. भोंदू डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी एकदा स्वतःला विचारावे की, त्यांची दुकानदारी कोणाच्या बंद दारामुळे चालते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशातील सुमारे निम्मी कुटुंबे आजारपणात साधारणतः सरकारी आरोग्यसेवेकडे वळत नाहीत. दर्जाविषयी अविश्वास, ताटकळावे लागणे, अंतर ही कारणे लोक सांगतात. त्यांच्या जोडीला ‘दवाखान्याची वेळ सोयीची नाही’ हेही कारण त्या प्रश्नावलीत नोंदले जाते. म्हणजे सरकारच्याच पाहणीत सरकारच्याच घड्याळाविरुद्धची तक्रार दाखल आहे. आणि ताटकळणे तरी कशामुळे घडते? दिवसभराची गर्दी सकाळच्या तीन-चार तासांत कोंबली की रांग लांबणारच. वेळ वाढवली तर ही रांगही आपोआप विभागली जाईल.

आजार बदलला, वेळापत्रक नाही

१९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशासमोरचे शत्रू होते मलेरिया, देवी, पटकी आणि बाळंतपणातील मृत्यू. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व त्या अहवालाने मांडले आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातूनच रुजली. त्या काळी तापाने फणफणलेला रुग्ण काम टाकून येणार, हे गृहीत धरणे स्वाभाविक होते. उभेच राहता येत नसेल तर तो कामावर कसा जाणार?

आजचा शत्रू निराळा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. उच्च रक्तदाब असलेल्यांची संख्या ३१ कोटींहून अधिक. हे आजार माणसाला अंथरुणाला खिळवत नाहीत. रक्तदाब १८० असलेला हमाल पोती उचलत राहतो. साखर तीनशेवर गेलेली भाजीवाली बाजारात बसते. त्यांना त्रास जाणवत नाही, म्हणून ते दिवस मोडून दवाखान्यात येत नाहीत. जाणवतो त्या दिवशी अर्धांगवायूचा झटका आलेला असतो किंवा मूत्रपिंडे निकामी होऊ लागलेली असतात.

अशा रुग्णाला महिन्यातून एकदा रक्तदाब मोजून घ्यायचा असतो आणि तीस दिवसांच्या गोळ्या न्यायच्या असतात. काम दहा मिनिटांचे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात आरंभीच्या राज्यांमध्ये महाराष्ट्र होता. ठरावीक औषधे, महिन्याभराचा साठा आणि रुग्णाचा पाठपुरावा ही त्याची त्रिसूत्री. सूत्र उत्तम, पण महिन्याच्या महिन्याला त्या दहा मिनिटांसाठी जर एक रोज बुडणार असेल, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गोळ्या थांबणारच. आपण त्याला ‘रुग्णांची बेपर्वाई’ असे नाव देऊन मोकळे होतो.

क्षयरोगाचे चित्र याहून गंभीर आहे. सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. मध्येच सुटले तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि तोच घातक जंतू घरातल्यांना, शेजाऱ्यांना, कारखान्यातील सोबत्यांना लागतो. मुंबईने औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचा विळखा पुरेसा अनुभवला आहे. निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला दरमहा मिळणारे साहाय्य केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ पासून पाचशे रुपयांवरून एक हजार रुपये केले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु औषध आणि तपासणीसाठी महिन्याला तीन-चार रोज बुडाले, तर ते हजार रुपये कुठल्या कुठे जातात.

आणि हा विरोधाभास पाहा. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने २०१८ पासून गरीब कुटुंबाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे कवच दिले. महाराष्ट्रात २०१२ पासून सुरू असलेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली योजनाही रुग्णालयातील मोठ्या उपचारांसाठीच आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. ही उपलब्धी लहान नाही. पण झटका आल्यावर लाखो रुपये खर्च करण्यास सिद्ध असलेली व्यवस्था, तो झटका टाळणारी एक स्वस्त गोळी संध्याकाळी सहानंतर देऊ शकत नाही, याला नियोजन म्हणावे काय?

लोखंडे यांचा रविवार

महाराष्ट्राला हा प्रश्न परका वाटू नये, कारण श्रमिकाच्या वेळेचा विचार या भूमीने फार पूर्वी केला आहे. महात्मा जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येऊ शकत नाही, तेव्हा शाळेनेच आपली वेळ बदलावी, हा तो विचार. विद्येला जर रात्री दिवा लावून बसता येते, तर आरोग्याने दुपारी चारला दार लावून का घ्यावे? पुढे गिरणगावात रात्रशाळांची परंपरा उभी राहिली आणि गिरणीत पाळी करून पोरे मॅट्रिक झाली, ती याच विचाराच्या बळावर.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे ऋण तर आणखी थेट आहे. १८८४ पासून त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून झुंज दिली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. कामगाराला आपल्या कुटुंबासाठी, आपल्या देहासाठी, आपल्या समाजासाठी आठवड्यातून एक दिवस हवा, ही त्यामागची धारणा होती. आज त्याच रविवारी सरकारी दवाखान्याचा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो. ज्या दिवशी कामगार मोकळा, नेमका त्याच दिवशी त्याचा डॉक्टर सुटीवर! लोखंडे यांनी मिळवून दिलेला रविवार श्रमिकाच्या हातून असा निसटतो.

डॉक्टर आणि परिचारिका यांनाही सुटी हवीच, याविषयी वाद नाही. प्रश्न सर्वांनी एकाच दिवशी ती घेण्याचा आहे. आणि सुटीचा दिवस तरी सर्वत्र एकच कुठे असतो? पिंपरी-चिंचवड, भोसरी परिसरातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. खेडोपाडी लोक आठवडी बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडतात. तेल-मीठ, बी-बियाणे आणि दवाखाना ही कामे एकाच फेरीत उरकतात. त्या दिवशी बाजाराच्या गावचे आरोग्य केंद्र दुपारी साडेबाराला दार लावत असेल, तर परतीची एस.टी. येईपर्यंत म्हातारा-म्हातारी ओट्यावर बसून राहतात. मुंबईतील कक्षात बसून आखलेले एकच वेळापत्रक गडचिरोलीपासून गोरेगावपर्यंत लावले की असे होते.

मंदिर म्हटले, तर मंदिराची रीतही हवी

आयुष्मान भारत योजनेखालील आरोग्यवर्धिनी केंद्रांना २०२३ च्या अखेरीस ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव देण्यात आले. नावावर टीका करणाऱ्यांनी आपली हौस भागवून घेतली. आम्हाला ते नाव आवडले, आणि म्हणूनच आमची अपेक्षा अधिक आहे. आपल्याकडचे मंदिर काकड आरतीला उघडते आणि शेजारती झाल्यावर बंद होते. शेतावर जाणारा पहाटे दर्शन घेतो, कामावरून परतणारा संध्याकाळी. दुपारी देव विश्रांती घेतो, पण भक्त मोकळा असतो त्या दोन्ही वेळी गाभाऱ्याचे दार उघडे असते. सणावाराला, सुटीच्या दिवशी तर ते अधिक वेळ उघडे असते. एकादशीला विठोबाने साप्ताहिक सुटी घेतल्याचे कोणी ऐकले नाही. आरोग्याच्या मंदिराने फक्त नाव घ्यावे आणि वेळापत्रक मात्र तहसील कचेरीचे ठेवावे, हे त्या शब्दाला शोभणारे नाही.

कागदावरची संध्याकाळ

शासनाला हे कळतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानास मान्यता दिली. त्याच्या आराखड्यात सुमारे पन्नास हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, ते वस्तीत किंवा वस्तीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असावे आणि तेथे संध्याकाळच्या बाह्यरुग्ण विभागाची तरतूद असावी, असे स्वच्छ म्हटले होते. संध्याकाळ कागदावर तेव्हापासून आहे. रस्त्यावर ती किती ठिकाणी उजाडली, हे प्रत्येकाने आपापल्या प्रभागात जाऊन पाहावे.

महाराष्ट्राने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ ही योजना सुरू केली. रात्री दहापर्यंत दवाखाना, हे तिचे वैशिष्ट्य. १ मे २०२३ रोजी ती राज्यभर नेण्यात आली आणि तीनशेहून अधिक ठिकाणी दुपारी दोन ते रात्री दहा ही वेळ ठरली. वेळेच्या बाबतीत गेल्या काही दशकांतील हा सर्वांत शहाणा निर्णय होता, हे निःसंकोच सांगितले पाहिजे. पण तेवढ्याच निःसंकोचपणे हेही सांगितले पाहिजे की, पाटीवरची वेळ आणि खुर्चीतला डॉक्टर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कंत्राटी डॉक्टर, कंत्राटी परिचारिका, भाड्याची जागा यांवर उभी केलेली रात्र कंत्राटाच्या मुदतीएवढीच टिकते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी २०२३ साली आणि पुन्हा २०२५ साली सेवेत सामावून घेण्याच्या मागणीसाठी संपावर गेले, तेव्हा या व्यवस्थेचा पाया किती ठिसूळ आहे, ते राज्याने पाहिले.

केरळचे उदाहरण देताना कोणाच्या भुवया उंचावतील, तर उंचावोत. तेथील राज्यकर्त्यांची विचारधारा आणि आपली यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. पण २०१७ साली ‘आर्द्रम’ अभियानाखाली तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांचे रूपांतर कुटुंब आरोग्य केंद्रांत करताना बाह्यरुग्ण विभागाची वेळ सायंकाळी सहापर्यंत नेण्यात आली, आणि मुख्य म्हणजे त्यासाठी डॉक्टर व परिचारिकांची अधिक पदे देण्यात आली. चांगली गोष्ट शत्रूच्या घरातूनही उचलावी, ही आपल्या पूर्वजांची रीत होती.

उलट उदाहरण इंग्लंडचे. तेथे सातही दिवस रुग्णालयीन सेवा देण्याचा आग्रह सरकारने धरला. पण त्यासाठी पुरेसे मनुष्यबळ न देता शनिवार-रविवारच्या कामाचा मोबदला बदलण्याचा घाट घातला जात आहे, असे तरुण डॉक्टरांना वाटले. परिणामी २०१६ साली ते संपावर गेले. पुढे ऑक्टोबर २०२२ पासून तेथील प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टरांच्या गटांनी आपसांत काम वाटून घेऊन सायंकाळी साडेसहा ते आठ आणि शनिवारी नऊ ते पाच अशी सेवा देण्याची पद्धत लागू झाली. बोध साधा आहे. तीच माणसे अधिक तास राबवून वेळ वाढत नाही. माणसे वाढवावी लागतात, पाळ्या लावाव्या लागतात.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप कर्मचाऱ्यांचा. आधीच पदे रिक्त, त्यात रात्रीचे काम? हा आक्षेप पूर्णतः रास्त आहे. सकाळच्या डॉक्टरालाच रात्री नऊपर्यंत बसवणे हा वेळवाढीचा उपाय नव्हे, ती वेठबिगारी आहे. म्हणून आमची मागणी दुसऱ्या पाळीची आहे. दुसरा डॉक्टर, दुसरी परिचारिका, औषधे देणारा दुसरा औषधनिर्माता आणि रक्त-लघवी तपासणारा तंत्रज्ञ. यातील एकही कडी निखळली तर संध्याकाळ निरर्थक होते. डॉक्टर आहेत पण औषधाची खिडकी बंद, म्हणजे रुग्णाने चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जायचे. तसे असेल तर तो सरळ खाजगीकडेच जाईल.

दुसरा आक्षेप प्रशासनाचा. संध्याकाळी दवाखाना ठेवून पाहिला, रुग्ण येत नाहीत. का येत नाहीत, याचे उत्तर वरच्याच परिच्छेदात आहे. त्यात भर म्हणजे, अशा प्रयोगाची वस्तीत दवंडी नसते आणि दोन-तीन महिन्यांत तो गुंडाळला जातो. ज्या दारावर इतकी वर्षे संध्याकाळी कुलूप पाहिले, ते दार आता उघडे आहे यावर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो.

तिसरा आक्षेप तिजोरीचा. पैसा कोठून आणणार? इमारत उभी आहे. लसींचे शीतपेटे, तपासणीचे मेज, वीज, पाणी सारे आहे आणि दिवसाचा बहुतांश काळ ते निष्क्रिय पडून असते. नव्या इमारतीचे भूमिपूजन करण्यापेक्षा जुन्या इमारतीत दुसरी पाळी लावणे स्वस्त. अडचण एवढीच की दुसऱ्या पाळीला कोनशिला नसते आणि फीत कापता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यासाठी ७० हजार कोटी रुपयांहून अधिक अनुदानाची शिफारस केली होती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ साली तो दोन टक्क्यांच्याही आत होता. उद्दिष्ट आपणच ठरवायचे आणि आपणच विसरायचे, ही सवय सोडली तर दुसऱ्या पाळीला पैसा कमी पडणार नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टर भगिनीवर जे घडले, त्यानंतर रात्री काम करा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? महाराष्ट्रात डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे, पण कायद्याचे पुस्तक दाराशी पहारा देत नाही. म्हणून संध्याकाळच्या पाळीत एकट्या स्त्री कर्मचारीस ठेवू नये, दाराशी रक्षक असावा, रस्त्यावर दिवे असावेत आणि परतीच्या वाहनाची व्यवस्था असावी. या अटी सवलती म्हणून नव्हेत, पूर्वअटी म्हणून मानाव्यात. संध्याकाळी स्त्री रुग्णाला निर्धास्तपणे येता यावे यासाठीही याच गोष्टी लागतात. जी वस्ती डॉक्टरसाठी असुरक्षित, ती तेथे राहणाऱ्या लेकीबाळींसाठी सुरक्षित कशी असेल?

पाचवा युक्तिवाद असा की, प्राथमिक आरोग्य केंद्र तर चोवीस तास उघडेच असते. होय, विंचू चावला, बाळंतीण आली, अपघात झाला तर. परंतु रक्तदाबाची गोळी हवी असलेला माणूस रात्री आठला गेला तर ‘उद्या सकाळी या’ हेच ऐकतो. दूरस्थ सल्ल्याच्या ‘ई-संजीवनी’ने पुष्कळ सोय केली, पण मोबाइलच्या पडद्यावरून रक्तदाब मोजता येत नाही आणि गोळ्यांचे पाकीट हातात पडत नाही.

मागणी नेमकी काय?

नागरी भागातील प्रत्येक सरकारी दवाखाना आठवड्यातील किमान पाच दिवस रात्री नऊपर्यंत आणि त्या भागातील श्रमिकांच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी किमान अर्धा दिवस उघडा असावा. ग्रामीण भागात आठवडी बाजाराच्या दिवशी आरोग्य केंद्र सलग चालावे आणि सुगीच्या, तोडणीच्या हंगामात संध्याकाळची वेळ वाढवावी. वेळ ठरवण्याचा अधिकार जिल्हा आणि प्रभाग पातळीवर द्यावा आणि त्यात रुग्ण कल्याण समिती, वस्तीतील महिला आरोग्य समिती यांचे मत बंधनकारक असावे. प्रत्येक पाळीत किती रुग्ण आले, डॉक्टर कोण होते, कोणते औषध शिल्लक नव्हते, हे दर आठवड्याला दाराशी फलकावर लिहावे. दुसरी पाळी मंजूर पदांवर चालावी, कंत्राटाच्या दोरीवर नव्हे.

राज्यात आणि केंद्रात आपल्या विचारांचे सरकार आहे, मग ही टीका कशासाठी, असे काही मित्र विचारतील. सरकार आपले आहे म्हणूनच ही टीका. परक्याकडे निषेध नोंदवायचा असतो, आपल्याकडे हक्काने मागायचे असते. अंत्योदय हा शब्द आपण भाषणांत वापरतो. रांगेतील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचे, तर तो कामावरून सुटण्याची वेळ आधी विचारावी लागेल.

मुंबईत मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे महापालिकेत लोकप्रतिनिधीच नव्हते. पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक यांचीही तीच अवस्था होती. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील महापालिकांच्या निवडणुका झाल्या. आता प्रत्येक प्रभागाला नगरसेवक आहे आणि दवाखाना हा त्याच्या अखत्यारीतील विषय आहे. सेवावस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील दवाखान्याची पाटी उतरवून घ्यावी, आठवडाभर संध्याकाळी सातला तेथे जाऊन दार उघडे आहे की बंद ते टिपावे आणि ते टिपण घेऊन नगरसेवकाकडे जावे. उत्सवाच्या मांडवासाठी आपण परवानग्या मिळवतो. दवाखान्याचा दिवा तीन तास अधिक जळावा यासाठीही तेवढीच चिकाटी दाखवता येईल.

आणि हे वाचणाऱ्या सुस्थित कुटुंबांसाठी एक विनंती. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला गेला, हे आपण कधी विचारले आहे काय? सरकारी दवाखाना संध्याकाळी उघडेल तेव्हा उघडेल. तोवर महिन्यातून एका सकाळची पगारी सुटी त्यांना देणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.